डीजे, पण हळू आवाजात

आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे माणूस नसतो, भिंत असते. ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ती गल्लीतून गेली की खिडक्यांच्या काचा थरथरतात, तान्ही मुलं दचकून रडतात आणि म्हातारी माणसं कानात घालायला कापूस शोधतात. ‘डीजे लावलाय का?’ असं आपण विचारतो. ‘डीजे कोण आहे?’ असं विचारताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. म्हणून मी घरी बसून ऐकायचे डीजे मिक्स बनवतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: शेजारी भांडायला येत नाहीत?

शेजाऱ्यांना ते ऐकूच जात नाही. हा प्रकारच मुळात हळू आवाजात, घरात, पोळ्या लाटताना किंवा लॅपटॉपवर ऑफिसचं काम उरकताना ऐकायचा. आणि आवाजाचं बटण खाली आणलं की नुसता आवाज कमी होत नाही. कोणतं संगीत निवडायचं, ते एकमेकांना कसं जोडायचं, तास कसा बांधायचा, सगळंच बदलतं. ते कसं, हे सांगायला सुरुवात मात्र नाचाच्या जागेपासून करावी लागते, कारण हत्यारं सगळी तिथली आहेत.

आधी मिक्स म्हणजे काय ते. तास-दीड तासाचं सलग ध्वनिमुद्रण, त्यात पंधरा-वीस निरनिराळ्या कलाकारांच्या, बहुतेक इलेक्ट्रॉनिक म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या रचना, आणि मध्ये कुठेही खंड नाही. प्लेलिस्टमध्ये एक गाणं संपतं, क्षणभर शांतता होते, मग दुसरं सुरू होतं. मिक्समध्ये पहिलं संपायच्या आधीच दुसरं आत येऊन बसलेलं असतं. भजनी मंडळात बसणाऱ्यांना हे नवीन नाही. एका अभंगाचा गजर टिपेला पोचतो, तो उतरता उतरता पेटीवाला पुढच्या अभंगाची चाल धरतो, आणि टाळ मध्ये एकदाही थांबलेले नसतात. डीजेचं कामही एवढंच: काय घ्यायचं, कशानंतर काय घ्यायचं आणि जोड कसा द्यायचा. स्वतःचा एकही सूर न लावता हे करायचं असतं.

ठोक्याला ठोका

इलेक्ट्रॉनिक संगीतात लय मोजतात ती मिनिटाला किती ठोके यात. त्याला बीपीएम म्हणतात. हाउस नावाचा प्रकार साधारण १२० ते १३० च्या घरात, ड्रम अँड बेस १७० च्या आसपास, हिपहॉप बऱ्याचदा ९० च्या आगेमागे.

समजा आत्ता वाजतोय तो ट्रॅक १२० चा आहे आणि पुढचा १२४ चा. १२० मध्ये दोन ठोक्यांतलं अंतर बरोबर अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद. १२४ मध्ये ते ४८४. फरक फक्त १६ मिलिसेकंदांचा, कुणाला कळणारही नाही इतका. पण तो प्रत्येक ठोक्याला साठत जातो. दोन्ही ट्रॅक एकाच क्षणी सुरू केले, तरी पंधराव्या ठोक्याला एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या जवळपास मधोमध पडायला लागतो. दिंडीत पुढचे टाळकरी आणि मागचे टाळकरी यांची लय फाटली की जे होतं तेच: कुणाच्या मागे जावं ते पायांना कळत नाही. म्हणून पुढचा ट्रॅक वाजायला घेण्याआधी त्याचा वेग साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर कमी-जास्त करून चालू ट्रॅकशी जुळवायचा. या जुळवण्याला डीजे लोक ‘बीटमॅचिंग’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं ते हेडफोनचा एक कान लावून, एक मोकळा ठेवून, बोटांनीच केलं गेलं.

ज्या यंत्रावर ते झालं त्याची गोष्ट गमतीची आहे. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली बाजारात आला तो क्लबांसाठी नव्हे, घरी हायफाय लावून निवांत ऐकणाऱ्या शौकिनांसाठी. त्याची मोटर पट्ट्याने तबकडी फिरवत नसे, थेट तबकडीखालीच असे. त्यामुळे तो चटकन वेग पकडायचा आणि धरलेला वेग सोडायचा नाही. डीजेंनी हे हेरलं. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेग ८ टक्क्यांपर्यंत वर किंवा खाली नेणारा सरकता खटका आला, आणि घरातलं यंत्र जगभरच्या क्लबांत कायमचं जाऊन बसलं. २०१० मध्ये कंपनीने ते बंद केलं, २०१६ मध्ये पुन्हा आणलं. आज बरंच काम लॅपटॉपवर होतं, पण पडद्यावर बऱ्याचदा चित्र असतं ते त्या गोल तबकडीचंच.

इलेक्ट्रॉनिक संगीत जोडायला सोपं का, तर यंत्राचा ठोका ढळत नाही. ड्रम मशीन पहिल्या मिनिटाला १२० वर असेल तर सातव्या मिनिटालाही १२० वरच असतं. तबलजी माणूस आहे. रंगात आला की लय किंचित चढते, आणि ती चढावी म्हणूनच तर आपण ऐकायला जातो. पण अशी जिवंत लय दुसऱ्या मुद्रणाशी जुळवायची तर खटक्यावरचं बोट शेवटपर्यंत उचलता येत नाही.

आणखी एक गोष्ट, ती लगेच सांगून टाकतो. जोडताना दोन्ही ट्रॅकचा बेस, म्हणजे खालचे घुमणारे स्वर, एकाच वेळी चालू ठेवायचा नाही. एका खोलीत दोन पखवाज दोन वेगळ्या रचना वाजवायला लागले तर जो गदारोळ होईल तोच होतो. म्हणून येणाऱ्याचा बेस आधी कापून ठेवायचा, योग्य जागी जाणाऱ्याचा कापायचा आणि त्याच क्षणी येणाऱ्याचा सोडायचा. चांगला डीजे ओळखायची ही साधी खूण आहे: जोड कधी झाला ते कळत नाही, पण जमीन बदलल्यासारखी वाटते.

आणि मग आवाज कमी केला

माझा पहिला मिक्स मी रात्री जागून, हेडफोनवर, चांगला मोठा आवाज ठेवून बनवला. सकाळी मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर लावला, अर्थातच हळू. दोन मिनिटांनी आई म्हणाली, “ते घड्याळ कुठलं टिकटिकतंय बघ जरा.” माझा अख्खा मिक्स त्या स्पीकरमधून फक्त टिकटिक म्हणून बाहेर येत होता. बेस गायब, ठोका गायब, उरली होती ती झांजेसारखी वरची टिकटिक.

दोष स्पीकरचा होता, पण निम्माच. पुरुष गायक पेटीवरच्या काळी एक पट्टीत गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा. त्याचा मंद्र षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ च्या आसपास. क्लबमध्ये छातीवर आदळणाऱ्या ठोक्याचा गाभा त्याच्याही खाली, ५०-६० कंपनांवर. तळहाताएवढा स्पीकर तिथवर उतरूच शकत नाही.

दुसरा निम्मा दोष कानाचा. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही, आणि आवाज जितका कमी, तितका हा पक्षपात वाढतो. मोठ्या आवाजात खालचे आणि मधले स्वर बऱ्यापैकी बरोबरीने ऐकू येतात. तेच मुद्रण हळू लावा, खालचे स्वर सर्वांत आधी बुडतात. मधले मात्र टिकून राहतात, माणसाचं बोलणं जिथे असतं ते. म्हणजे जे संगीत बेसच्या जिवावर उभं आहे ते घरात, हळू आवाजात, पाया काढून घेतलेल्या घरासारखं होतं. आणि घरात मोठ्याने लावायचं म्हटलं तरी किती? आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कितपत पाळली जाते हा वेगळा विषय. गणपतीच्या दिवसांत तर नकोच.

त्यामुळे घरासाठी मिक्स करणारा माणूस वेगळं संगीत निवडतो. ज्यात मधल्या सप्तकात काहीतरी घडतंय असं: इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझरचे लांब धरलेले स्वर, एखादा माणसाचा आवाज, पावसाचा, रेल्वेचा, बाजाराचा मुद्रित गलबला. लयही सतत लागत नाही. आलापाइतका वेळ ठोका नसला तरी चालतं, कारण इथे कुणाचे पाय थांबणार नाहीत.

बिछान्यावर पडलेला माणूस

या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी एक अपघात आहे. १९७५ च्या सुरुवातीला लंडनमध्ये ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराला टॅक्सीने उडवलं. तो घरी बिछान्यावर पडून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने जुन्या हार्पवादनाची एक तबकडी आणली होती. ती गेल्यावर त्याने कसंबसं उठून तबकडी लावली आणि परत येऊन आडवा झाला. तेव्हा लक्षात आलं की आवाज फारच कमी आहे आणि स्टिरिओची एक बाजू बंदच आहे. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता. हार्पचे फक्त मोठे स्वर पावसाच्या वर डोकं काढत होते, बाकीचे त्यातच विरघळत होते. संगीत खोलीचा भाग होऊ शकतं, उजेडासारखं, हे त्याला तिथे कळलं. त्याच वर्षी त्याने त्या दिशेचं पहिलं काम बाहेर आणलं. १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून केलेल्या संग्रहावर त्याने ‘अँबियंट’ हे नाव छापलं आणि सोबतच्या टिपणात अट घातली: हे संगीत लक्ष देऊन ऐकलं तर त्यात काही मिळालं पाहिजे, आणि दुर्लक्ष केलं तर त्याची अडचण होता कामा नये. घरातल्या मिक्सची व्याख्या म्हणून मला याहून चांगली सापडलेली नाही.

खरं तर नाचवणारा डीजेसुद्धा एका अर्थी घरातूनच निघाला. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो याने १४ फेब्रुवारी १९७० ला आपल्या राहत्या जागेतच मित्रांना बोलावून पहिली मोठी पार्टी केली. ६४७, ब्रॉडवे हा पत्ता पुढे ‘द लॉफ्ट’ म्हणून डिस्कोच्या इतिहासात गेला. त्याला आवाजाच्या शुद्धतेचं एवढं वेड होतं की ऐंशीच्या दशकात त्याने मिक्सर, म्हणजे दोन तबकड्यांचे आवाज एकमेकांत मिसळायचं यंत्र, काढूनच टाकला. प्रत्येक रचना पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत पूर्ण वाजवायची, नंतर पुढची. जोडकामाची कसरत नाही, फक्त क्रम. आणि तरीही ती रात्र एकसंध वाटायची असं तिथे गेलेले सांगतात. ठोके जुळवता न येणाऱ्या नवशिक्यांनी हे लक्षात ठेवावं. मी तरी बरेच दिवस याच आधारावर काढले.

मग १९८९. लंडनच्या ‘हेवन’ क्लबमध्ये सोमवारी रात्री खाली धडाधड अ‍ॅसिड हाउस चालायचं आणि वर एका खोलीत अ‍ॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी हे दोघं अनेक टर्नटेबल, कॅसेटी आणि ध्वनिपरिणामांच्या तबकड्या घेऊन बसायचे. नाचून दमलेले लोक वर येऊन गादीवर पडायचे, आणि हे त्यांना ठोका नसलेलं, तरंगतं काहीतरी ऐकवायचे. ‘चिलआउट’ खोली म्हणतात ती हीच. पुढे पॅटरसनने ‘द ऑर्ब’ हा गट चालवला. कॉटीने बिल ड्रमंडबरोबर ‘द केएलएफ’ या नावाने फेब्रुवारी १९९० मध्ये पाऊण तासाची एक सलग रचना काढली. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून रात्रभर केलेला काल्पनिक प्रवास, त्यात रेल्वे, मेंढ्या, कंठातून एकाच वेळी दोन स्वर काढणारे रशियातल्या तुवा प्रांताचे गायक, रेडिओवरचे तुकडे. मुखपृष्ठावर कुरणात बसलेल्या मेंढ्या. हे म्हटलं तर गाणं, म्हटलं तर मिक्स.

पण घरी ऐकायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं चित्र म्हणून कुणी विचारलं तर मी शेफील्डच्या ‘वॉर्प’ कंपनीचा १९९२ चा संग्रह दाखवतो. मुखपृष्ठावर एक यंत्रमानव आरामखुर्चीत रेलून धुराची वलयं सोडतोय, शेजारी संगीताची यंत्रणा, आणि जमिनीवर पिंक फ्लॉइड आणि क्राफ्टवर्क या गटांच्या तबकड्यांची पाकिटं पसरलेली. खाली शब्द होते त्याचा अर्थ: ऐकायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. ‘ऐकायचं’ हे मुद्दाम सांगावं लागलं, कारण तोवर सगळे ते नाचायचंच समजत होते. या संग्रहाचं नाव ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’. तेव्हा हे शब्द असे उठता-बसता कानावर पडत नव्हते.

त्या दशकात घरच्या मिक्सला सीडी मिळाली. एका सीडीत ७४ मिनिटं मावायची, म्हणून मिक्सही सत्तरीच्या घरातले. मॅट ब्लॅक आणि जोनाथन मोर या ‘कोल्डकट’ जोडगोळीने १९९५ मध्ये काढलेल्या मिक्सच्या तर नावातच ७० मिनिटं आहेत. सरमिसळीचा मिक्स कसा असावा याचा तो अजूनही धडा आहे: प्लास्टिकमनचा कोरडा टेक्नो, फोटेकचं ड्रम अँड बेस, आणि हॅरॉल्ड बडचा थेंबाथेंबाने पडणारा पियानो, सगळं एकाच पंगतीत, आणि कुणी कुणाच्या पानावर सांडत नाही. तीन वर्षांनी व्हिएन्नाच्या क्रुडर आणि डॉर्फमाइस्टर यांनी दोन सीडींचा संथ, धुरकट संग्रह काढला. तो इतका चालला की त्याच्या नकला जगभरच्या कॅफेंत वाजून वाजून कान विटले. त्यात मूळ संग्रहाचा दोष नाही.

पट्टी

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त वेळ जातो ती. नाचाच्या जागी ठोका चुकला तर माफी नाही. घरात ठोका थोडा इकडेतिकडे झाला तर कुणी बघत नाही, पण सूर चुकला तर पोळी करपल्याचा वास यावा तसा तो घरभर पोचतो.

आमचे काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. एकदा मी एक जोड पुन्हापुन्हा ऐकत बसलो होतो. दोन्ही ट्रॅक संथ, दोन्ही सुंदर, पण एकत्र आले की काहीतरी कुरकुरत होतं. काका पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, “अरे, एक काळी चारमध्ये बसलाय आणि मागून येतोय तो पांढरी पाचात. दोघं एका सतरंजीवर कसे बसणार?” उठून पेटीवर दोन्ही पट्ट्या एकदम दाबून दाखवल्या. तीच कुरकुर.

पेटीवर शेजारशेजारच्या दोन स्वरांत कंपनांचा फरक असतो जवळजवळ ६ टक्क्यांचा. आता सेल उतरलेला टेपरेकॉर्डर आठवा: गाणं रेंगाळायचं आणि सोबत सूरही उतरायचा. वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले असतात. म्हणजे मागून येणारा ट्रॅक मी ६ टक्के जलद केला तर तो आपोआप पांढरी पाचवरून काळी चारवर येणार. पण तो होता १०० बीपीएमचा, तो होणार १०६, आणि आधीचा चालू होता ११२ वर. सूर जुळले, ठोके नाहीत. क्लब असता तर हा जोड सोडून द्यावा लागला असता. घर असल्यामुळे सुटका झाली: मागून येणाऱ्या ट्रॅकची पहिली दीड मिनिटं नुसता धरलेला स्वर होता, ठोका नंतर सुरू व्हायचा. त्या दीड मिनिटात मी आधीचा ट्रॅक हळूहळू काढून घेतला. नवा ठोका पडला तेव्हा भांडायला जुना उरलाच नव्हता.

आताची सॉफ्टवेअर वेग आणि सूर वेगवेगळे हलवू देतात, पण जास्त ताणलं की आवाजाला खरखर येते, म्हणून मी शक्यतो जुन्याच पद्धतीने जातो. ती प्रत्येक ट्रॅकची पट्टीही ओळखून सांगतात आणि घड्याळासारख्या बारा आकड्यांच्या एका चक्रावर मांडतात. शेजारचे दोन आकडे एकमेकांशी जमतात, हा त्या चक्राचा नियम. तिकडचे डीजे याला मोठं गुपित समजतात. शेजारच्या आकड्यांतलं नातं काय, म्हणून पाहिलं तर षड्ज-पंचम. तंबोरा लावणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारलं असतं तरी चाललं असतं.

इथे एक मुंबईकर आठवलाच पाहिजे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक तबकडी केली: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरव, ललत, मालकंस, मेघमल्हार, सगळे सिंथेसायझरवर, आणि मागे रोलंड कंपनीची तेव्हा नवीकोरी असलेली टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही ठेक्याची आणि बेसची यंत्रं. तेव्हा ती फारशी कुणी विचारली नाही. त्याच टीबी-३०३ ला पिळून शिकागोच्या पोरांनी अ‍ॅसिड हाउसची पहिली प्रसिद्ध तबकडी काढली ती १९८७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. २०१० मध्ये चरणजित सिंगांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली आणि ऐकणारे चाट पडले. सिंग २०१५ मध्ये गेले, पण त्याआधी थोडी वाहवा त्यांच्या कानी पडली हे बरं झालं.

मिक्सवाल्याला ही तबकडी का आवडते? राग एका षड्जावर उभा असतो. मध्येच स्वरमेळ बदलून वेगळ्या गावी जात नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा भागही तसाच एका मूळ स्वरावर मिनिटंच्या मिनिटं मुक्काम करतो. दोघांचा मुक्काम एका गावात असला की भेट सोपी. फक्त एक सापळा आहे. षड्ज जुळला म्हणून सगळं जुळत नाही. भैरवातला कोमल रिषभ आणि समोरच्या ट्रॅकमधला शुद्ध रिषभ एकत्र पडले की काका पेपर खाली ठेवतात.

वेळ, भांडं आणि नावं

रागाला वेळ असते तशी मिक्सलाही असते, आणि याचा उस्ताद म्हणावा असा माणूस इबिझा या स्पॅनिश बेटावर होऊन गेला. होसे पादिया. तिथल्या ‘कॅफे देल मार’मध्ये समोर सूर्य समुद्रात बुडायचा आणि हा त्या बुडण्याच्या वेगाने संगीत लावायचा. त्याच्या कॅसेटी लोक विकत घेऊन घरी न्यायचे. १९९४ पासून त्याच्या निवडीच्या सीडी निघू लागल्या. आपल्याकडे मारवा, पूरिया कधी गातात हे माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण त्याने ते पॉप, डब, गिटार, इलेक्ट्रॉनिक अशा कशाकशातून साधलं हे नवल आहेच.

गोव्याची गोष्ट उलट्या टोकाची. हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात पार्ट्या रंगायला लागल्या तेव्हा उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकेनात. मग कॅसेट, आणि पुढे डॅट नावाची छोटी डिजिटल टेप. तिथला डीजे ‘गोवा गिल’ याने तर शेवटपर्यंत डॅट सोडली नाही. पण डॅट वाजवणाऱ्या यंत्रावर सहसा वेगाचा खटका नसायचा, म्हणजे ठोके जुळवणं बंद. मग जोड द्यायचा तो ठोका नसलेल्या सुरुवातीत आणि शेवटात. गोव्याच्या ‘ट्रान्स’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात लांबलचक तरंगत्या सुरुवाती आढळतात, त्यात या अडचणीचाही वाटा आहे. म्हणजे मी काकांसमोर जो शोध लावला, तो तिथे केव्हाच लागून गेला होता.

भांड्याचा आकार पदार्थाला येतोच. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. गाण्यांची यादी घेऊन दुकानात कॅसेट भरायला टाकलेली ज्यांना आठवते, त्यांना बाजूच्या शेवटी अर्ध्यात तुटलेलं गाणंही आठवत असेल. आता इंटरनेटवर भांड्याला तळच नाही. त्यामुळे चार-चार तासांचे मिक्स दिसतात. माझं मत विचाराल तर तो बहुधा आळस असतो. काढून टाकायला जीव होत नाही म्हणून वाढलेली लांबी ऐकणाऱ्याला कळते. साधारण तास पुरे: स्वयंपाक होतो, किंवा ठाण्याहून चर्चगेटला माणूस पोचतो.

हक्कांचं त्रांगडं थोडक्यात सांगतो. प्रत्येक ट्रॅकवर निदान दोन हक्क असतात, रचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. वीस ट्रॅकच्या मिक्सला चाळीस परवानग्या. घरी बसून कुणाला हे शक्य नाही. म्हणून मिक्स टाकले की आपोआप ओळखून काढून टाकले जाण्याचे प्रकार होतात. २००८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या मिक्सक्लाउडने यातून वाट काढली: मिक्समधले ट्रॅक ओळखायचे आणि त्या त्या हक्कदारांना पैसे पोचवायचे, मात्र मिक्स उतरवून घेऊ द्यायचा नाही. कायदा काही म्हणो, ट्रॅकची पूर्ण यादी द्यायचीच, हा या जगातला शिष्टाचार आहे. विविध भारतीवर गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार अशी नावं सांगतात ना, तसा. दुसऱ्यांच्या मालावर दुकान मांडणाऱ्याने निदान पाट्या तरी नीट लावाव्यात.

ज्यांना करून बघायचंय त्यांना महागडी यंत्रं लागत नाहीत. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर आणि तीन ट्रॅक घ्या, वीस नकोत. दोन जोड होतील. ते रात्री हेडफोनवर जमले की सकाळी, मिक्सर किंवा कुकर चालू असताना, फोनच्या स्पीकरवर हळू लावा. जे ऐकू येईल तेच तुमचं खरं काम.

तो काळी चारचा जोड मी शेवटी एका रविवारच्या मिक्समध्ये घातला. दुपारी तो मी लावला तेव्हा आई मेथी निवडत होती आणि काकांचा डोळा लागला होता. जोड आला, गेला, कुणी मान वर केली नाही. तास संपला, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पाचच्या सुमारास काका उठले, चहा घेतला, आणि संध्याकाळच्या भजनासाठी पेटी काढून भाता उघडला. रोज ते काळी दोनपासून सुरू करतात. त्या दिवशी पहिलं बोट पडलं ते काळी चारवर.